ढवळलेल्या पाण्यातील थेंब

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे कळण्यास शाळेत यावे लागत नाही. परंतु दोन्ही एका भांड्यात घालून जोराने ढवळली असता तेलाचे थेंब होतात, मोठ्या थेंबांचे लहान होतात, आणि पुढे त्याच वेगाने कितीही वेळ ढवळीत बसले तरी एका मर्यादेखाली ते जात नाहीत. ही मर्यादा कोण ठरवितो? प्रश्न पोरकट वाटेल. पण आपल्या बैहरजवळच्या मलाजखंड येथील तांब्याच्या प्रकल्पात याच प्रश्नाच्या एका सख्ख्या भावंडावर नित्याचे काम अवलंबून असते.

प्रथम थेंबाची बाजू पाहू. द्रवाच्या पृष्ठभागावर एक प्रकारचा ताण असतो. त्याला पृष्ठताण म्हणतात. तो थेंबाला आवळून गोल ठेवतो. थेंब जितका लहान, तितकी ही पकड घट्ट. म्हणून मोठा थेंब सहज चेपतो, मोहरीएवढा थेंब मात्र हट्टी असतो.

आता पाण्याची बाजू. जोराने ढवळलेले पाणी एका दिशेने शांतपणे फिरत नाही. त्यात पात्याएवढे मोठे भोवरे उठतात; ते फुटून त्यांतून लहान, त्यांतून आणखी लहान भोवरे निघतात, आणि शेवटी अगदी बारीक भोवऱ्यांची गती पाण्याच्या चिकटपणामुळे उष्णतेत विरून जाते. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी 1941 साली या भोवऱ्यांचे शास्त्र मांडले आणि 1949 साली ते थेंबांना लावून दाखविले. थेंबाहून फार मोठा भोवरा त्याला पुरात वाहणाऱ्या ओंडक्याप्रमाणे अखंड वाहून नेतो, मोडीत नाही. फार लहान भोवऱ्याच्या अंगी मोडण्याचे बळच नसते. थेंबाच्या मापाचा भोवरा मात्र त्याच्या एका अंगावर अधिक व दुसऱ्यावर कमी दाब आणतो; थेंब लांबट होतो, मध्ये त्याची कंबर बारीक होते, आणि तो तुटतो. तुटताना दोन मोठ्या तुकड्यांच्या मधून काही चिमुकले थेंबही गळतात.

डच शास्त्रज्ञ हिन्झे यांनी 1955 साली, क्ले यांच्या 1940 च्या प्रयोगांतील आकडे घेऊन, हा हिशेब पक्का केला. एक किलोग्रॅम पाण्यामागे एक वॉट शक्ती ढवळण्यात खर्च केली, तर सामान्य तेलाचा टिकू शकणारा सर्वांत मोठा थेंब सुमारे 1.4 मिलिमीटरचा निघतो. तो चौथाईवर, म्हणजे 0.35 मिलिमीटरवर आणावयाचा, तर शक्ती चौपट नव्हे, तब्बल 32 पट लागते! पात्याचा वेग दुप्पट केला की शक्तीचा खर्च आठपट होतो, आणि थेंब जेमतेम निम्म्याहून थोडा लहान होतो. निसर्ग या बाबतीत फार कंजूष आहे, असे आम्हांस वाटते. तरीही माणसे हा खर्च करतात, कारण एक लिटर तेलाचे 1.4 मिलिमीटरचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे 4 चौरस मीटर भरतो, 0.35 मिलिमीटरचे केले तर 17. आणि दोन द्रवांमधील देवघेव सारी पृष्ठभागावरच चालते. शिवाय भांड्यात सर्वत्र सारखा जोर नसतो. पात्याजवळ तो फार, कडेला थोडा. म्हणून प्रत्येक थेंबाला पुनःपुन्हा पात्याजवळून जावे लागते, आणि थेंब बारीक होण्यास वेळ लागतो. एरंडेलासारखे दाट तेल तर आतूनही विरोध करते.

येथे एखादी चाणाक्ष मुलगी विचारील की, मग ताक घुसळताना उलटे कसे होते? रवीने लोणी फुटून नाहीसे न होता गोळा का होते? प्रश्न मार्मिक आहे. दुधातील स्निग्धकण सरासरी 0.003 ते 0.004 मिलिमीटरचे असतात, आणि वर सांगितलेल्या शक्तीने ढवळलेल्या पाण्यातील सर्वांत बारीक भोवरे साधारण 0.03 मिलिमीटरचे. भोवरा कणाहून कितीतरी मोठा, म्हणून कण तुटत नाहीत, एकमेकांवर आदळतात. त्यांतील काही स्निग्धांश गोठलेला असला की ते चिकटतात आणि लोणी येते. उन्हाळ्यात गार पाणी व थंडीत कोमट पाणी घालण्याची आजीबाईंची रीत याच गोठण्याशी निगडित आहे. आमच्या कोकणी घरांत नारळाचा रस काढून ठेवला की काही वेळाने दाट भाग वर येतो. तेथेही स्निग्धकणच पाण्याहून हलके असल्याने वर चढतात.

आता मलाजखंड. हिंदुस्तान कॉपर लिमिटेडचा हा प्रकल्प 1982 साली सुरू झाला. तेथील धातुकात तांबे फार थोडे, मुख्यतः चाल्कोपायराइट या खनिजाच्या रूपात. शुद्ध चाल्कोपायराइटमध्ये मात्र ते सुमारे 34.6 टक्के असते. खडक पिठासारखा दळून, पाण्यात कालवून, त्यात काही रसायने घालून मोठ्या पात्रांत ढवळतात आणि हवा सोडतात. या रीतीला फेन-प्लवन म्हणतात. रसायनांमुळे तांब्याच्या खनिजाच्या कणांना पाणी नकोसे होते. ते बुडबुड्यांना चिकटून फेसासह वर येतात, निरुपयोगी दगडाचा चुरा खाली राहतो. येथे तेलाच्या जागी हवा आहे, इतकाच फरक. बुडबुडेही भोवऱ्यांनीच फुटतात. फेस आणणारे द्रव्य बुडबुड्यांना पुन्हा एक होऊ देत नाही, म्हणून ते बारीक राहतात. बुडबुडे मोठे झाले तर पृष्ठभाग कमी पडून तांबे पाण्याबरोबर वाया जाते. फारच बारीक झाले तर जड कण उचलण्याचे बळ त्यांच्यात नसते. आणि पाते बेफाम फिरविले तर चिकटलेले कणही झटकले जातात. खाणीतून इतक्या कष्टाने काढलेले तांबे हाती यावे की टाकाऊ गाळात जावे, याचा बराचसा निकाल या मिलिमीटरभर गोलकांवर लागतो.

आपल्या माणसांनीही या विषयात मोठे काम केले आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी ढवळपात्रे आणि बुडबुड्यांचे स्तंभ यांतील प्रवाहांवर दीर्घकाळ संशोधन केले. 2014 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

ज्यांना स्वतः पाहावयाचे आहे त्यांनी काचेच्या तीन सारख्या बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीत पाऊण भाग पाणी व दोन चमचे तेल घालावे. तिसरीत साबणाच्या पाण्याचे चार थेंबही टाकावेत. पहिली हळू, दुसरी व तिसरी सारख्या जोराने एक मिनिट हलवावी आणि उजेडासमोर धराव्या. तिसरीतील थेंब दुसरीहून बारीक दिसतील, कारण साबणाने पृष्ठताण घटतो. बाटल्या टेबलावर ठेवून तेल वर येऊन एकसंध थर होण्यास प्रत्येकीस किती मिनिटे लागतात, ते वहीत लिहून ठेवावे.