वळिवाआधी फांद्या उतरवताना

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की आधी गुलमोहोर मोडतो; त्याचं लाकूडच ठिसूळ. म्हणून छाटणीची घाई त्याआधीच होते. चेनसॉ हातात घेण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागात परवानगीचं विचारून घ्या, कारण शहरातल्या झाडांना १९७५ चा कायदा लागू आहे. जवळून तारा गेल्या असतील तर १९१२ वर महावितरणला कळवून वीज बंद करून घ्या. ‘लाइट गेलीय’ हा शेजाऱ्याचा निरोप चालत नाही.

मग झाड नीट न्याहाळा. वाळकी फांदी, पोकळ बुंधा आणि विशेषतः आग्या मोहोळ. मशीनच्या आवाजानं माश्या उठल्या तर दोरावर अडकलेल्या माणसाला पळता येत नाही. मोहोळ दिसलं, की त्या दिवशी काम रद्द.

हेल्मेट, चष्मा, कानांना मफ, बूट आणि चेन अडवणारी पँट घाला. कमरेला काथ्याचा दोर गुंडाळून चढायची आपल्याकडची पद्धत इथे साफ बाद. हार्नेस दोन ठिकाणी बांधा : एक चढायचा दोर, दुसरा आत स्टीलची तार असलेला पट्टा. चेन लागली तर साधा दोर क्षणात तुटतो.

मशीन जमिनीवर सुरू करून बघा. रेस सोडल्यावर चेन थांबली पाहिजे, ब्रेक लागला पाहिजे. मग बंद करून दोरानं वर ओढून घ्या आणि हार्नेसला अडकवा.

कापताना दोन्ही हात मशीनवर, डावा अंगठा पुढच्या मुठीखालून. एका हातानं फांदी धरून दुसऱ्यानं कापणं नाही, खांद्याच्या वरही कापणं नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला, की मशीन उसळून थेट तोंडावर येते.

बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून पाव जाडीची चीर द्या. तिच्या किंचित बाहेर वरून काप घ्या. फांदी पडताना साल बुंध्यापर्यंत सोलली जात नाही. उरलेला खुंट मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढा. कड्याला हात लावला तर जखम भरत नाही. जागा बदलताना इंजिन बंद. मनगटाएवढ्या फांदीला हातकरवत पुरते.

फांदीच्या दुप्पट लांबीच्या आत खाली कुणी नको. खालच्या गड्याला मात्र चढता यायला हवं, त्याच्यापाशी दुसरा हार्नेस आणि दोर हवा; वर जखमी झालेल्याला तोच उतरवणार. असा गडी नसेल तर झाडावर चढू नका, शिडीच्या गाडीवाल्याला बोलवा.