हिऱ्यातला प्रकाश आणि यानाचा वेग

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’मधलं यान प्रकाशाहून वेगानं जातं. हे शक्य आहे का?
– एक वाचक, वराछा, सुरत

उत्तर : निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. वस्तुमान असलेल्या वस्तूला तो वेग गाठायला अनंत ऊर्जा लागेल. पण तुमच्या सुरतेत पैलू पडणाऱ्या हिऱ्यात तोच प्रकाश सुमारे सव्वा लाखावर येतो आणि तिथे वेगवान इलेक्ट्रॉन त्याला खरोखर मागे टाकतो! तेव्हा निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश उमटतो. कथेतलं यान मात्र भोवतालचं अवकाशच वाकवतं : पुढचं आकसतं, मागचं पसरतं. मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४मध्ये त्याचं सापेक्षतावादात बसणारं गणित मांडलं. मला ते फार सुंदर वाटतं. त्यासाठी लागणारी प्रचंड ऋण ऊर्जा मात्र कुणालाही मिळवता आलेली नाही. म्हणून आजचं उत्तर : नाही.