हद्दीवरचा प्लॉट : खर्च किती, विचारायचं कुणाला?

पुण्याच्या वेशीवर प्लॉट बघायला गेलेला माणूस गुंठ्याचा भाव विचारतो, पाण्याची लाइन विचारतो. आराखडा कुणाचा, हे मात्र विचारायचं राहून जातं. ३० जून २०२१ रोजी २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचे अधिकार तेव्हा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडेच (पीएमआरडीए) ठेवले गेले. मिळकतकर एका दारात, बांधकाम परवानगी दुसऱ्या दारात. म्हणून पहिला प्रश्न असा : या गट नंबरासाठी आज नियोजन प्राधिकरण कोण? ‘आज’ महत्त्वाचं, कारण पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा शासनाने २०२५ मध्ये रद्द केला. एजंटने मोबाइलवर रंगीत नकाशा दाखवला, तर तो कुठल्या साली मंजूर झालाय हे आधी विचारा.

आता पैशांचं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. झोन दाखला आणि भाग नकाशा नियोजन प्राधिकरणाकडून घ्यायचा. शुल्क त्यांच्या दरपत्रकाप्रमाणे, पावतीसह. प्लॉट शिवेला लागून असेल तर पलीकडच्या गावाचाही भाग नकाशा काढा. हा जादा खर्च अजिबात वाया जात नाही. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून रस्ता जुळतोय का ते बघा. अलीकडे १८ मीटरचा रस्ता आखलेला आणि शिवेपलीकडे त्याच रेषेत नुसता शेती झोन, असं दिसलं तर तो रस्ता तुमच्या कुंपणापाशीच संपणार. रस्त्याच्या रुंदीवर एफएसआय (किती बांधकाम करता येईल ते प्रमाण) ठरतो, म्हणजे फटका थेट खिशाला.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी ३० दिवस असतात. साध्या कागदावर गट नंबर लिहून, नकाशाची प्रत जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. सुनावणीला स्वतः गेलात तरी चालतं, वकील लागत नाही. शेजारच्या हद्दीतल्या आराखड्यावरही हरकत घेता येते. हे फार थोडे लोक करतात. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, प्रतीला पानामागे २ रुपये.

दोन हद्दींचं नियोजन जुळवणं हे राज्यघटनेने महानगर नियोजन समितीकडे सोपवलेलं काम आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून निवडले जातात. शिवेवर तुटणाऱ्या रस्त्याचं पत्र या समितीलाही द्या.

खरा खर्च बांधकामाच्या वेळी येतो. निवासी वापराचं विकास शुल्क जमिनीच्या रेडीरेकनर (सरकारी मूल्यांकन) दराच्या किमान अर्धा टक्का जमिनीवर आणि दोन टक्के बांधकामावर. दर चौरस मीटरला १०,००० धरला, तर २०० चौरस मीटर प्लॉटवर १०,००० रुपये आणि १५० चौरस मीटर बांधकामावर ३०,००० रुपये. मेट्रोसारख्या प्रकल्पासाठी हे शुल्क दुप्पट होऊ शकतं. छाननी शुल्क वेगळं. सौद्याचा इसार देण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा.