मोटरहोममधली ऊब : प्रोपेन की वीज?

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मोटरहोमने ग्रँड कॅन्यनला निघालात, तर रात्रीच्या थंडीचा हिशेब आधी करा. दक्षिण कडा सुमारे ७,००० फूट उंचीवर आहे. तिथल्या ट्रेलर व्हिलेजमध्ये गाडीला वीजजोडणी मिळते, मेदर कॅम्पग्राउंडमध्ये मिळत नाही.

१,५०० वॉटचा हीटर तासाला सुमारे ५,१०० बीटीयू उष्णता देतो आणि १२.५ अँपिअर घेतो. ३० अँपिअरच्या जोडणीवर दोन हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडलाच! गॅलनभर प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू असतात. फर्नेसमध्ये पाव भाग वाया गेला, तरी उरलेली ऊब २० युनिट विजेइतकी. म्हणून युनिटच्या दराला २० ने गुणा आणि गॅलनच्या भावाशी ताडून पाहा. भाड्यातच वीज मिळत असेल, तर अर्थातच हीटर स्वस्त.

मात्र कडाक्याच्या थंडीत फर्नेस अजिबात बंद ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तिच्याच हवेमुळे पाण्याच्या टाक्या गोठत नाहीत. आणि स्वयंपाकाची शेगडी पेटवून गाडी कधीही उबवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सर्वांचेच डोके दुखून मळमळू लागले, तर तो प्रवासाचा शीण समजू नका. मुलाबाळांसह बाहेर पडा, ९११ ला फोन करा. निघण्यापूर्वी या वायूच्या अलार्मचे बटण दाबून पाहायला विसरू नका.