वस्तुपाठ : दुध्या भोपळा
(इयत्ता चौथी व पाचवी)

हेतू — एकच फळ कोवळेपणी अन्न व जून झाल्यावर भांडे कसे होते, हे मुलांच्या ध्यानी आणून देणे. तसेच कडू दुध्या कधीही खाऊ नये, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसविणे.

साहित्य — कोवळा दुध्या, वेलाची पानाफुलांसह फांदी, वाळलेला भोपळा, पाण्याने भरलेले घमेले, जगाचा नकाशा.

पूर्वज्ञान — म्हातारी व भोपळा यांची गोष्ट मुलांना ठाऊक असतेच. विहिरीत पोहावयास शिकताना पाठीस सुका भोपळा बांधलेला काहींनी पाहिला असेल. सुका भोपळा घमेल्यात सोडावा व तो बुडत का नाही, असे विचारून पाठास आरंभ करावा.

निरीक्षण — वेलाचे ताणे, मऊ लव असलेली पाने व फुले मुलांनी स्वतः हाताळावीत. नर व मादी फुले एकाच वेलावर, परंतु निरनिराळी असतात. मादी फुलाच्या देठाशी चिमुकला भोपळा दिसतो, नरफुलाशी तो नसतो. लाल भोपळ्याची पिवळी फुले सकाळी उमलतात. दुध्याची पांढरी फुले सायंकाळी उमलून दुसऱ्या दिवशी कोमेजतात. ती पतंगांना अंधारातही दिसतात. शाळेच्या वेळात हे दिसणार नाही. म्हणून घरच्या वेलाकडे तिन्हीसांजेस पाहण्यास मुलांना सांगावे.

विवेचन — फळ वेलावर पूर्ण पिकले की साल लाकडासारखी टणक होते, आतला गर सुकतो व बिया खुळखुळू लागतात. असे फळ हलके, पोकळ व पाणी न झिरपणारे असल्यामुळे मातीची मडकी घडविण्यापूर्वीपासून मानवाने त्याचा भांडे म्हणून उपयोग केला.

आता नकाशा उघडावा. या वेलाचे मूळ घर आफ्रिका. तरीही अमेरिकेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी तो माणसाच्या वापरात होता. समुद्र ओलांडून तो गेला कसा? १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २२४ दिवस समुद्राच्या पाण्यात तरंगलेल्या भोपळ्यांतील बिया पुढे रुजल्या. २०१४ सालच्या संशोधनानेही, आफ्रिकेतील फळे लाटांवर वाहत अमेरिकेस पोचली असावीत, असा निष्कर्ष काढला. घमेल्यातील प्रयोगाचे मर्म मुलांना येथे कळेल.

केनियातील कालेंजिन लोक भोपळ्याच्या भांड्यात दूध आंबवितात. अर्जेंटिना व उरुग्वे येथे 'माते' नावाचे पेय लहान भोपळ्यातून पितात. जपानात गराच्या लांब पट्ट्या वाळवून खातात. पश्चिम आफ्रिकेत अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून २१ तारांचे 'कोरा' वाद्य करतात. आपल्याकडे पंढरपूरच्या परिसरात पिकणारे मोठे भोपळे मिरजेस जातात व तेथे त्यांचे तंबोरे होतात. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा भोपळा मात्र खाण्याचा नव्हे.

सावधगिरी — या भागाची घाई करू नये. एखादा दुध्या कडू निघतो. त्यातील कुकुर्बिटासिन नावाचे द्रव्य विषारी असून शिजविल्यानेही ते नाहीसे होत नाही. २०१० साली दिल्लीत कडू दुध्याचा रस पिऊन मृत्यू घडल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. या विषावर उतारा नाही. म्हणून शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकात प्रत्येक दुध्याची बारीकशी फोड मोठ्या माणसाने जिभेस लावून पाहावी व थुंकून टाकावी. कडू लागल्यास ते फळ फेकून द्यावे. मीठ, साखर घालून ते खपवू नये. खाल्ल्यावर उलट्या, जुलाब वा पोटदुखी झाल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. परसबागेतील फळ मुलांनी परस्पर चाखू नये. 'औषध कडूच असते' ही समजूत येथे घातक आहे, हे पालकसभेतही सांगावे.

स्वाध्याय — १. नर व मादी फुलांची चित्रे काढा. २. दुध्याचे फूल किती वाजता उमलते, याची तीन दिवस नोंद ठेवा. ३. नकाशात केनिया, अर्जेंटिना व जपान दाखवा. ४. सुका भोपळा का तरंगतो? ५. दुध्या कडू लागल्यास काय कराल? घरी सर्वांना सांगा.