जपानी खानावळीत जाण्याआधी

तोक्योला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, की देवळांजवळची आणि झगमगीत चौकांतली हॉटेलं सोडा, वस्तीतली साधी खानावळ गाठा. हजार येनच्या आसपास, म्हणजे आपल्या साडेपाचशे-सहाशे रुपयांत, ताटभर गरम जेवण मिळतं. पण एवढंच ऐकून कुणी निघालं तर मी त्याला परत बसवते. कारण माळकरी असलेल्या आमच्या आत्यांना अशाच एका उत्तम खानावळीतून कोरडा भात खाऊन उठावं लागलं होतं.

आधी झगमगाटाबद्दल. शिंजुकूत रात्री मेन्यूकार्ड घेऊन रस्त्यात उभ्या असलेल्या एका पोराच्या मागे आम्ही वर गेलो. बिलात न मागवलेल्या वाट्यांचे पैसे लागले, त्यावर बसण्याचा आकार आणि आणखी कसलासा अधिभार. वाटीचं म्हणाल तर ती रीतच आहे. इझाकाया म्हणजे दारूबरोबर चार पदार्थ खायची जागा. तिथे बसलं की समोर एक छोटी वाटी येते, तिला ओतोशी म्हणतात आणि माणशी तीनशे-पाचशे येन लागतात. त्याबद्दल भांडू नये. वरचे आकार मात्र शुद्ध लूट होती. काबुकिचो भागात तर ध्वनिक्षेपकावरून बजावत असतात, की बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. रस्त्यात माणूस उभा करून गिऱ्हाईक ओढावं लागतं, तिथे पाऊल ठेवू नये.

वस्तीतली खानावळ कुणाला बोलवत नाही. ती आपण शोधायची. मला आवडतो तो तोदेन आराकावा ट्रामचा रस्ता. मिनोवाबाशी ते वासेदा, सव्वाबारा किलोमीटरला जरा कमी. घरांच्या परसांना खेटून ट्राम जाते आणि मिनोवाबाशीच्या टोकाला छप्पर घातलेली जुनी बाजारपेठ आहे. अशा ठिकाणी काचेच्या कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या दिसल्या आणि दारावर नोरेन, म्हणजे आखूड कापडी पडदा, टांगलेला असला की समजावं, चालू आहे. पडदा आत घेतलेला असेल तर दिवे लागलेले असले तरी आत शिरू नये. दुपारचं जेवण साधारण अकरा-साडेअकरा ते दोन, मग पाचपर्यंत बहुतेक ठिकाणी सुट्टी. बारा ते एक ऑफिसवाल्यांची झुंबड असते, ती वेळ टाळा. आपल्या सवयीने अडीचला पोचलात तर उपाशी राहाल.

आता पैसे. अनेक ठिकाणी दारातच तिकिटाचं यंत्र असतं. आधी पैसे टाकायचे, मग पदार्थाचं बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर द्यायचं. जपानने जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा काढल्या आणि छोट्या दुकानांतली बरीच जुनी यंत्रं त्या घेईनात, कारण यंत्र बदलायचं तर मालकाला मोठा खर्च. पाच आणि दहा हजारांच्या नोटाही कित्येक यंत्रांना चालत नाहीत. मागे रांग खोळंबलेली, यंत्र नोट बाहेर फेकतंय आणि बटणांवर फक्त जपानी अक्षरं, हा प्रसंग टाळायचा असेल तर हजारच्या सुट्या नोटा आणि शंभराची नाणी खिशात ठेवा. कार्डाच्या भरवशावर राहू नका.

ताट येतं ते पाहण्यासारखं असतं. डाव्या हाताला भात, उजव्या हाताला झाकणाच्या वाटीत मिसो सूप, मागे मुख्य पदार्थ, कडेला लोणचं. मासे खात असाल तर भाजलेला साबा मागवा. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा थोरला भाऊ. मीठ लावून जाळावर भाजलेला, कातडी फुगून करपलेली, खाली चरबीचे थेंब आणि शेजारी किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा छोटा ढीग. मुळ्यावर सोयासॉसचे चार थेंब टाकायचे आणि तो माशाच्या घासाबरोबर खायचा. मालवणी माणसाला तिखटाची आठवणसुद्धा होणार नाही.

शाकाहाऱ्यांनी मात्र सांभाळून. आत्यांसाठी फोनच्या कॅमेऱ्याने मेन्यू वाचला, 'परतलेल्या भाज्या' दिसल्या, मागवल्या. याला यासाई इतामे म्हणतात आणि त्यात डुकराच्या मांसाचे पातळ काप बहुधा असतातच. परत दिल्यावर म्हाताऱ्या मालकीणबाईंनी काप वेचून तेच ताट पुन्हा आणलं, तेही मनापासून हसून. त्यांच्या दृष्टीने अडचण सुटली होती. मग टोफू मागवला, तर त्यावर कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप. मिसो सूपचं पाणी त्याच माशाचं. सोबा नूडल्स बुडवायचा रस्साही त्याचाच, आणि बटाट्याच्या क्रोकेतसुद्धा बहुधा खिमा असतो. 'कात्सुओबुशी नाशी दे' म्हटलं की वरचे काप टळतात, पण रश्शात मुरलेला मासा कसा काढणार? 'मांस नको' म्हटल्यावर मासा वगळला जाईल अशी अपेक्षाही ठेवू नका.

बाकी शिष्टाचार थोडकेच. माणशी एक ताट मागवा. दोघांत एक मागवून वर रिकामी वाटी मागणं तिथे शोभत नाही. पिशवीतला चिवडा आणि ठेपले पिशवीतच राहू द्या, बाहेरचं खाणं आत चालत नाही. पाणी किंवा चहा फुकट असतो. टीप ठेवू नका, पैसे विसरले म्हणून मालक मागे धावत येईल. जेवण झालं की 'गोचिसोसामा' म्हणा आणि उठा, गप्पा बाहेर.

कडक शाकाहारी माणसाला घेऊन मी आता या खानावळींत जात नाही. त्यांच्यासाठी एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई बरं. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, भारतीय उपाहारगृहं आहेत आणि याच वॉर्डाच्या सभागृहावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला होता. त्यांना तिथे पोटभर जेवू घाला आणि खानावळीत स्वतः वेगळ्या दिवशी, सुटे पैसे घेऊन, साडेअकराला जा.