डांबराचे रसायन आणि वनजिल्ह्यांतील रस्ते

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दाट वने, मोठ्या नद्या आणि विखुरलेली गावे यांमुळे या भागात रस्ता हाच शाळा, दवाखाना व बाजार यांचा आधार होय. डांबरी रस्ता पावसाळ्यात उखडला की त्याचे खापर बहुधा पावसावर फोडले जाते. परंतु पाऊस डांबराचे नेमके काय करतो, हे समजण्यासाठी त्याच्या अंतरंगात डोकावणे आवश्यक आहे.

तेलाचा जड अंश

पूर्वी डांबर म्हणजे दगडी कोळशापासून निघणारा काळा द्रव असे मानले जाई. आज रस्त्यांवर वापरले जाणारे डांबर मात्र खनिज तेलाचे असते. तेलशुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, रॉकेल, डिझेल इत्यादी हलके अंश वेगळे केल्यानंतर उरलेल्या भागाचे निर्वात स्थितीत ऊर्ध्वपातन करतात. त्यानंतर तळाशी राहणारा जड अंश म्हणजे हे डांबर होय.

त्यात सुमारे ८० ते ८८ टक्के कार्बन व ८ ते १२ टक्के हायड्रोजन असतो. याशिवाय गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि व्हॅनेडियम व निकेल या धातूंचे अल्प अंश आढळतात. या धातूंचे काही अणू पॉर्फिरिन नावाच्या वलयात बसलेले असतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३४ च्या सुमारास ही संयुगे खनिज तेलात शोधून काढली व पानांतील हरितद्रव्याशी त्यांचे नाते दाखविले. तेलाचे मूळ प्राचीन सजीव सृष्टीत आहे, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

चार घटक

डांबरातील असंख्य संयुगांचे चार गट पाडतात : संपृक्त तेले, ॲरोमॅटिक तेले, राळ आणि अस्फाल्टीन. अस्फाल्टीन हा नॉर्मल हेप्टेनमध्ये न विरघळणारा, पण टोल्युइनमध्ये विरघळणारा भाग होय. १८३७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगो यांनी त्याला हे नाव दिले. त्याच्या रेणूत कार्बनची अनेक वलये एकमेकांस जोडून एक सपाट चकती तयार झालेली असते आणि तिच्या कडांना लहान शेपट्या असतात. अशा चकत्या पत्त्यांप्रमाणे एकीवर एक रचल्या जातात. राळेचे रेणू या पुंजक्यांना वेढून त्यांना तेलात तरंगत ठेवतात. अस्फाल्टीनमुळे डांबराला कठीणपणा, राळेमुळे चिकटपणा आणि तेलांमुळे लवचीकपणा येतो. या तिघांचा समतोल म्हणजेच रस्त्याचे आयुष्य.

ऊन आणि अतिउष्णता

चंद्रपूर परिसरात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. काळा रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापतो. म्हणूनच व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराची विष्यंदिता, म्हणजे वाहण्यास होणारा विरोध, ६० अंशांवर मोजतात. ती किमान २,४०० पॉइज असावी लागते. मऊ डांबर वापरल्यास कोळसा व लोहखनिज वाहणाऱ्या मालमोटारींच्या चाकांखाली रस्त्यावर चाकोऱ्या पडतात.

याउलट, डांबर प्रमाणाबाहेर तापविले तर हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग वाढतो. ॲरोमॅटिक तेलांची राळ व राळेचे अस्फाल्टीन बनत जाते. समतोल ढळून डांबर ठिसूळ होते आणि रस्त्याला भेगा पडतात. यासाठी व्हीजी-३० डांबर १५० ते १६५ अंशांपर्यंतच तापवावे, असा दंडक आहे.

पाणी आणि दगड

गडचिरोलीच्या बऱ्याच भागात ग्रॅनाइट व नाइस जातीचे, सिलिकायुक्त दगड आहेत. सिलिकाला डांबरापेक्षा पाणी अधिक जवळचे. भेगांतून शिरलेले पाणी दगड व डांबर यांच्यामध्ये जागा करून घेते, डांबराचे आवरण सुटते आणि खडी मोकळी होते. चंद्रपूरच्या पश्चिम भागात सापडणाऱ्या काळ्या बेसाल्टवर डांबर तुलनेने अधिक घट्ट बसते. सिलिकायुक्त खडीत विरलेल्या चुन्याची भुकटी मिसळल्यास चुन्यातील कॅल्शियम डांबरातील आम्लांशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारे क्षार बनविते व पकड टिकते.

याची कसोटीही सोपी आहे. डांबराचे आवरण दिलेली खडी ४० अंश तापमानाच्या पाण्यात २४ तास ठेवतात. पाच टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग उघडा पडला, तर पकड वाढविणारे द्रव्य मिसळणे आवश्यक ठरते.

पंचायतीने काय पाहावे?

काम सुरू असताना सदस्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. खडी कोरडी व धूळविरहित आहे काय? डांबराचे तापमान तापमापकाने मोजले जाते काय? खडीची पाण्यातील कसोटी झाली आहे काय? रस्त्याला दोन्ही बाजूंस उतार व गटार आहे काय? शिक्षकांनाही हा विषय वर्गात घेता येईल. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही, हे जंगलालगतच्या मुलांना ठाऊकच असते; तेथून डांबराच्या राळेपर्यंत पोचणे कठीण नाही. पाऊस थांबविणे कोणाच्याच हाती नाही. पाण्याला दगड व डांबर यांच्यामध्ये शिरू न देणे मात्र आपल्या हाती आहे.